चार बोटं उघडं दार

विद्यार्थिनी खोलीत असताना प्राध्यापकांनी दार बंद ठेवू नये, असा आमच्या संस्थेत नियम होता. सर तो काटेकोर पाळत. दाराच्या फटीत ते शब्दकोशाचा एक जाडजूड खंड उभा करून ठेवत आणि दार त्या खंडाला टेकत असे. चार बोटं उघडं. कुणी भुवई उंचावलीच तर म्हणत, "किती उघडं, हे नियमात लिहिलेलं नाही. मी दोनदा वाचलाय."

सर्वांना हसू यायचं. मलाही. आज हसू येत नाही, पण तेव्हा मी हसले होते हे खोटं नाही.

संस्था शनिवार पेठेत. जुनी हस्तलिखितं, जुनं मराठी वाङ्मय, एम.ए. आणि पीएच.डी.चे मिळून पन्नासेक विद्यार्थी. मी वारज्याहून बसने यायचे. सरांचं नाव मी देणार नाही. आमच्या घरात पत्रकं लिहिण्याची परंपरा आहे, वडिलांनी उभा जन्म चळवळीत काढला, आणि नावानिशी लिहायची मला भीती नाही. पण इथे नाव न देण्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे येईल. आणखी एक कबुली आत्ताच देते. मी त्यांना 'तो' म्हणून लिहायला बसले होते. एक पान लिहिलं आणि हात आपोआप 'ते'वर गेला. एवढा धाक अजून शिल्लक आहे.

सर बाराही महिने लोकरी कोट घालत. मे महिन्यातसुद्धा. वाचनकक्षात त्यांना ट्यूबलाइट खपत नसे. प्रत्येक टेबलावर पितळी दिवा, हिरव्या काचेचा, आणि त्याच्या उजेडाबाहेर सगळा अंधार. दुपारी दोन वाजता आत शिरलं तरी बाहेरचं पुणं विसरायला होई. चपला बाहेर काढायच्या, आत मोजे. मोजे नसतील त्यांच्यासाठी कोपऱ्यात टोपली होती, तिच्यावर सरांच्या अक्षरात पाटी: 'धुतलेले आहेत. परत करताना तसेच असावेत.' दुसरी पाटी भिंतीवर: 'आत हसू नये. बाहेर हसण्यासारखं पुष्कळ आहे.'

इतर कॉलेजांतली पोरं त्या खोलीत रील काढायला यायची. डार्क अकॅडेमिया, म्हणायची. काळा स्वेटर, जुनं पुस्तक, हिरवा दिवा, मागे व्हायोलिन. सर त्यांना हाकलत, पण हाकलण्याआधी कोटाची कॉलर नीट करत. हे मी पाहिलंय.

तासाला उशिरा येणाऱ्याला ते उठून नमस्कार करत. "या. आपण आलात, आता तास संपवायला हरकत नाही." कुणाचा फोन वाजला की, "घ्या, घ्या. तिकडे कुणीतरी शहाणं माणूस असेल." पुस्तक मागायला गेलं की, "पुस्तक आहे. आपण वाचाल याला पुरावा नाही." सगळ्यांना अहो-जाहो, आपण. एकवीस वर्षांच्या पोरीलाही. त्या 'आपण'मध्ये मान होता असं आम्हाला वाटायचं.

आणि शिकवायचे. ते नाकारून मी पुढे जाऊ शकत नाही. एका पोथीच्या एका पानावर त्यांनी आम्हाला आठवडाभर बसवलं होतं. चौथ्या दिवशी आम्ही कंटाळलो तेव्हा म्हणाले, "पान ओळखीचं वाटायला लागलं की संशय घ्यायचा." चळवळीच्या कामात झोपडपट्टी पुनर्वसनाची परिपत्रकं वाचताना मी आजही हेच करते. चार वेळा वाचते. पाचव्यांदा लबाडी सापडते. हे त्यांनी दिलेलं आहे आणि ते मला परत करता येत नाही.

सर कित्येक वर्षं एक कादंबरी लिहीत होते. पिवळट कागदावर, शिसपेन्सिलीने. एका डोंगराच्या पोटात कोरलेलं विद्यापीठ. तिथे मंत्रविद्या शिकायची तर प्रत्येक धड्याला स्वतःची एक आठवण द्यावी लागते. आईचा आवाज दिला की पाण्यावर चालता येतं, असं काहीतरी. तिथला आचार्य शेकडो वर्षं जगतोय. एक मुलगी शिकायला येते, आचार्य तिच्या प्रेमात पडतो, ती त्याच्या. शेवटी ती स्वतःच्या इच्छेने ग्रंथालयातला दिवा होते. कायमचा. त्याला वाचायला उजेड हवा म्हणून. हे सगळं सरांनीच आम्हाला तासाला सांगितलं होतं. वर्गातल्या अर्ध्या मुलींनी उसासे टाकले.

आता कांचन. हे तिचं खरं नाव नाही, तिने निवडून दिलेलं आहे. भंडाऱ्याकडची, वडील एसटीत कंडक्टर, घरात पदवीच्या पुढे गेलेली पहिलीच. सर तिचे पीएच.डी.चे गाइड. बायकांच्या हस्तलिखित वह्यांवर तिचं काम होतं. तीन प्रकरणं लिहून तिने सरांकडे दिली होती आणि वर्ष होत आलं तरी ती परत आली नव्हती. पुढच्या प्रगती अहवालावर सरांची सही झाली नाही तर नोंदणी रद्द, हॉस्टेलची खोली जाणार, आणि घरी तिच्यासाठी एक स्थळ तयार होतं. तिने प्रकरणांचा विषय काढला की सर हसून म्हणत, "आधी माझं लेखन, मग आपलं."

त्यांचं लेखन म्हणजे मुद्रितं. नारायण पेठेत एक अक्षरजुळणीवाला कादंबरी संगणकावर घ्यायचा, आणि छापील पानं तपासायला सर विद्यार्थ्यांना बसवत. जोडीने. एकीने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसरीने छापील पानावर पेन्सिल फिरवायची. वाचताना विरामचिन्हंही उच्चारायची, काही सुटू नये म्हणून. पान संपलं की दोघींनी खाली सही करायची आणि तारीख घालायची. सरांनी आम्हा दोघींची जोडी लावली. मी वाचायचे, कांचन तपासायची.

पहिले दोन आठवडे आम्ही हसून लोळायच्या बेतात. "त्याने तिच्याकडे पाहिलं पूर्णविराम तिचा श्वास स्वल्पविराम जणू स्वल्पविराम अडकला पूर्णविराम." कांचन टेबलाखाली डोकं घालायची. "एवढे स्वल्पविराम असल्यावर श्वास अडकणारच नं वं," ती कुजबुजायची.

सातव्या प्रकरणात नायिकेच्या डाव्या मनगटावर तव्याच्या चटक्याचा डाग आला.

मी वाचत वाचत पुढे गेले. गावाबाहेर तलाव, तलावात पहाटे उतरणारे पक्षी, आणि नायिकेने आचार्याला विचारलेला प्रश्न, अवतरणचिन्हात: काहून? 'का'साठी कांचन वापरायची तोच शब्द. मी वर पाहिलं. कांचनने कुर्त्याची बाही खाली ओढली होती.

"हे तू सांगितलंस त्यांना?"

"डाग दिसते तं सगळ्यालेच," ती म्हणाली. "पक्षी सांगितले होते. एकदा. त्यांनी विचारलं म्हणून." मग थांबून, "छान लिहिलं पण. नाही?"

छान लिहिलं होतं. तीच अडचण होती.

आठव्या प्रकरणात आचार्य मुलीला राखाडी शाल देतो, डोंगराच्या पोटात गारठा असतो म्हणून. आम्ही ते पान वाचलं, सह्या केल्या. पुढच्या आठवड्यात सरांनी कांचनला राखाडी शाल दिली. "इथे गार असतं," म्हणाले. एवढंच. नवव्यात आचार्य तिला केस बांधायला सांगतो. चार दिवसांनी कांचन केस बांधून आली. मी विचारलं तर म्हणाली, सर म्हणाले वाचताना मध्ये येतात. दहाव्यात तो तिला सुट्टीच्या दिवशी एकटीला ग्रंथालयात बोलावतो आणि पेन्सिल धरलेल्या तिच्या हातावर हात ठेवून मंत्र लिहून घेतो. तेही पान मी वाचलं आणि सही केली. त्यानंतरच्या रविवारी मी तिला फोन करत राहिले. तिने उचलला नाही. सोमवारी तिच्या टेबलावर मुद्रितांची नवी चळत होती आणि खुणा तिच्या अक्षरातल्या नव्हत्या. पेन्सिलीचा दाब तिचा, पण अक्षराचं वळण सरांचं, हातावर हात ठेवून लिहून घेतल्यासारखं.

भीती म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं. मोर्चात पोलिसांच्या समोर उभी राहिलेय, ती वेगळी. तिथे समोरचा काय करणार हे ठाऊक नसतं. इथे ठाऊक होतं, मी स्वतःच्या तोंडाने वाचलं होतं, स्वल्पविरामांसकट, आणि आता ते जिन्याने वर चढत होतं.

अकराव्या प्रकरणात नायिकेची एक मैत्रीण होती. प्रवेशद्वाराशी बसणारी, ओरडून बोलणारी, जिला मंत्र कधीच येत नाहीत. आचार्य म्हणतो, हिचा आवाज तुझ्या कानात आहे तोवर तू शिकणार नाहीस. ते पान संपवून मी सही केली. दोन दिवसांनी सरांनी मला दाराशीच थांबवलं. शब्दकोशाचा खंड पायाने थोडा आत सरकवला.

"आपले आभार. आता एकीनेच भागेल."

"सर, जोडीने वाचायचं असतं ना?"

"जोडी आहे," सर म्हणाले. "मी वाचतो, त्या तपासतात."

मी घरी आले आणि पत्रक लिहिलं. वडिलांनी शिकवलंय तसं. कोण, काय, कुठे, मागणी काय. पीडितेचं नाव द्यायचं नाही. मी नाव दिलं नाही. लिहिलं, 'एका संशोधक विद्यार्थिनीला तिचा मार्गदर्शक शाली पांघरवतो, स्वतःच्या कादंबरीतली नायिका बनवतो, आणि तिचा प्रबंध कपाटात कोंडून ठेवतो.' सकाळी फाटकावर शंभर प्रती वाटल्या. अकरा वाजेपर्यंत संस्थेतला प्रत्येक माणूस कांचनकडे पाहत होता, कारण राखाडी शाल एकीच्याच अंगावर होती. सरांकडे कुणीच पाहत नव्हतं. सर आपल्या खोलीत पत्रक तपासत बसले होते. दुपारी त्यांनी शिपायाबरोबर ते मला परत पाठवलं, समासात लाल पेन्सिलीने दोन शेरे. 'कोंडून' या शब्दाजवळ: 'पुरावा?' 'विद्यार्थिनी'जवळ: 'हिला विचारले होते का?'

नव्हतं विचारलं.

कांचन मला नदीकाठच्या रस्त्यावर गाठून उभी राहिली. शाल हातात गोळा करून धरलेली. "माह्या बापाले फोन गेला," ती म्हणाली. "ऑफिसातून कोनीतरी केला. बाप म्हनते, सामान बांध, गाडीत बस."

"मी तुझं नाव कुठे लिहिलंय?"

"तो मले कादंबरीत टाकून राहिला, तू पत्रकात. मले विचारलं कोनी? काहून नाही विचारलं?" ती ओरडत नव्हती. रस्त्यावरचे लोक वळून पाहतील याची तिला भीती होती, त्यामुळे अगदी हळू बोलत होती, आणि ते ऐकायला फार वाईट होतं. "त्यानं निदान डाग कोनता ते नीट पाहिला."

लाल शेऱ्यांचं ते पत्रक माझ्या पिशवीतच होतं.

पत्रकाची दखल घेऊन संस्थेने तक्रार समिती बसवली. तक्रार कांचनची नव्हती, तरी माझ्या शेजारी एक खुर्ची तिच्यासाठी मांडली. सर आले ते लाल कापडात बांधलेला गठ्ठा घेऊन. मुद्रितं. त्यांनी गठ्ठा सोडला आणि आठव्या प्रकरणाचं पान अध्यक्ष मॅडमसमोर सरकवलं.

"प्रत्येक पानावर दोघींच्या सह्या आहेत, तारखा आहेत. शालीचा प्रसंग यांनी आधी वाचला. शाल त्यानंतर मिळाली असं याच सांगतात. ती वाचनकक्षाची शाल आहे, गारठ्यासाठी. केसांचंही तसंच, रविवारचंही तसंच. मुली गोष्टी वाचतात आणि त्यात राहायला जातात. मला खेद आहे. यांच्याबद्दल राग नाही."

मॅडमनी मला विचारलं, "ही सही तुमची?"

"हो."

"तारीख?"

"माझीच."

इतके दिवस मला वाटत होतं की सर आधी लिहितात आणि मग तसं वागतात, हे वेड आहे. ते वेड नव्हतं. घडण्याआधीच आम्ही वाचलेलं असावं, अशी ती व्यवस्था होती. त्यांच्या बचावाच्या पानापानावर आम्ही स्वतःच्या हाताने सह्या केल्या होत्या, वर तारीखही घातली होती. त्यांनी हे ठरवून केलं की त्यांना काटेकोरपणाची सवयच होती, ते मला माहीत नाही. माहीत नसणं जास्त भयंकर आहे.

मग मॅडम कांचनकडे वळल्या. "तुम्हाला सर आवडत होते का? स्पष्ट विचारते."

"हो," कांचन म्हणाली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग तक्रार कसली?"

"तक्रार मी केलीच नाही, मॅडम. तुम्ही बोलावलं म्हणून आले. मला माझी तीन प्रकरणं पाहिजेत आणि दुसरा गाइड पाहिजे. त्यांची भीती वाटते मला. आवडत होते तेव्हाही वाटायची. नाही म्हणायचं असतं तर सही त्यांच्याच हातात होती."

समितीने सरांना निर्दोष ठरवलं. एका ओळीत. दुसऱ्या ओळीत कांचनला मार्गदर्शक बदलायची मुभा दिली, विद्यमान मार्गदर्शकाच्या ना-हरकत सहीने. म्हणजे परत तीच खोली, तेच दार. दुसरा गाइड मिळवायला बापाने आठ दिवसांची मुदत दिली होती.

ती मला म्हणाली, "येशील का सोबत? पण बोलायचं नाही. एक शब्द नाही."

आम्ही दुपारी बाराला गेलो. सरांनी अर्ज पाहिला आणि दिव्याखाली ठेवला. "शेवटचं प्रकरण राहिलंय," ते म्हणाले. "काम अर्धवट टाकून जाऊ नये. आज वाचून संपवू, मग सही. आपल्या मैत्रिणीला बाहेर थांबू द्या."

माझ्या तोंडाशी मागण्यांची यादी आली होती. कांचनने माझं मनगट धरलं. पकड सुटली नाही.

"वाचते सर," ती म्हणाली. "इथं अंधार आहे फक्त."

तिने दिव्याखालचा अर्ज आणि टेबलावरची पानं उचलली आणि चालू लागली. मी छापील पानं आणि पेन्सिल घेऊन तिच्या मागे. वाचनकक्षातून बाहेर, अभ्यासिकेत, जिथे खिडक्या आहेत आणि वीस-पंचवीस जण बसलेले असतात. ती मधल्या टेबलाशी उभी राहिली आणि वाचू लागली, आमच्या पद्धतीने, सगळं. "आचार्य म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू भिऊ नकोस पूर्णविराम." पहिल्या वाक्याला दोघं हसले. तिने थांबून त्यांच्याकडे पाहिलंही नाही. शेवटच्या प्रकरणात आचार्य सगळं आठवत बसतो, तसा तव्याचा डाग आला. तलाव आला. केस आले, शाल आली, पेन्सिलीवरचा हात आला. तिच्या तोंडून, तिच्या आवाजात, 'काहून' आलं, आणि हसणाऱ्या दोघांनी वह्या मिटल्या. लोकांनी तिच्याकडे पाहिलं, मग एकेक मान दाराकडे वळली. दारात सर उभे होते, लोकरी कोटात, बाराच्या उन्हात.

"हळू," सर म्हणाले. "ग्रंथालय आहे."

तिने आवाज खाली आणला नाही. नायिका दिवा होते त्या परिच्छेदात ती एकदा अडखळली. ते वाक्य फार सुंदर होतं. तिने ते पुन्हा वाचलं, सावकाश, आणि माझ्या लक्षात आलं की ती रडू नये म्हणून तसं करतेय. मी पेन्सिल फिरवत राहिले. एकही चूक नव्हती. शेवटचा पूर्णविराम उच्चारून तिने सही केली, तारीख घातली. मी केली. पानांवर अर्ज ठेवून तिने तो सरांपुढे धरला.

सरांनी उभ्याउभ्या सही केली. अभ्यासिकेत पंचवीस माणसं पाहत होती, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मग आपल्या खोलीत जाऊन, कपाट उघडून त्यांनी तिची तीन प्रकरणं काढून दिली.

लकडी पुलापर्यंत आम्ही चालत गेलो. पुलावर तिने गठ्ठा उघडायला घेतला आणि थांबली. वर्षापूर्वी तिने त्याला रबरबँड लावला होता, तुटका, गाठ मारलेला, केसांना लावायचा जांभळा. ती गाठ तशीच होती. पानांच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या. सरांनी एक ओळही वाचली नव्हती.

तेव्हा ती रडली. समितीत नाही, अभ्यासिकेत नाही. पुलाच्या कठड्याला टेकून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर.

आता तिचा गाइड दुसरा आहे, काम पुढे सरकलंय, हॉस्टेलची खोली टिकली. बापाशी बोलणं सुरू आहे, थोडं थोडं. सर शिकवतात. कादंबरी छापून आली, मी वाचलेली नाही, आणि कुणी फार लक्ष देऊन माझं बोलणं ऐकायला लागलं की मला अजून दार शोधावंसं वाटतं.

हे लिहिण्याआधी मी कांचनला विचारलं. तिने होकार दिला, सरांचं नाव नको म्हणाली, आणि लिहून झालेलं सगळं वाचलं, पेन्सिल हातात घेऊन. तिच्या गावाचं नाव काढलं. माझी दोन भाषणं काढली. समितीपुढचं तिचं वाक्य, सर आवडत होते हे, मी आधीच गाळलं होतं. पत्रकात असं वाक्य ठेवत नाहीत, समोरचा तेवढंच उचलतो. तिने समासात ते परत लिहिलं. दुसऱ्या खर्ड्यात मी पुन्हा गाळलं.

तिने पुन्हा लिहिलं, आणि खाली सही केली.